कॅरीबॅगचा खरा हिशेब: बाजारपेठेने खर्च कसा मोजावा आणि कसा कमी करावा

किराणा दुकानाच्या गल्ल्यावर फुकट मिळणाऱ्या पिशवीची किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते आणि त्यामुळे ती कोण भरतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्या किमतीचा काही भाग दुकानदाराच्या नफ्यातून जातो, काही महापालिकेच्या नालेसफाईत, काही गोठेवाल्याच्या औषधोपचारात, तर काही कचरावेचकाच्या वेळात. पिशवी घेणारा मात्र काहीच देत नाही, म्हणून तो एकाऐवजी दोन पिशव्या मागतो. हा खर्च आकड्यांत मांडून ज्यांच्या हातून पिशवी दिली जाते त्यांच्यासमोर ठेवल्याशिवाय केवळ आवाहने करून काही घडत नाही, असे माझे ठाम मत आहे. पुढील पद्धत एखादी पेठ, भाजीबाजार किंवा दुकाने असलेले गृहसंकुल डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. त्यासाठी दोन-तीन जबाबदार माणसे, एक वही आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा एवढे साहित्य पुरते.

पायरी १: आपल्या बाजारातील पिशवी ओळखा

बाजारात ‘कॅरीबॅग’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. हातात घेतल्यावर कुरकुर आवाज करणारी पातळ पिशवी व्यापाऱ्यांच्या भाषेत एचएम, म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिथिनची असते. भाजीवाल्याकडे आणि किराणा दुकानात प्रामुख्याने हीच आढळते. मऊ, चकचकीत आणि थोडी ताणली जाणारी पिशवी एलडी, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनची असते. कापडासारखी दिसणारी, ठिपक्यांची नक्षी असलेली तिसरी पिशवी नॉनवोव्हन म्हणून ओळखली जाते आणि अनेक ग्राहक तिला कापडीच समजतात. प्रत्यक्षात ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. तिच्या काठाचा धागा ओढून पाहावा. कापडातून उभा किंवा आडवा धागा सुटून येतो, या पिशवीतून नुसता तंतूंचा पुंजका निघतो.

स्वीडिश अभियंता स्टेन गुस्ताफ थुलिन याच्या रचनेला १९६५ मध्ये पेटंट मिळाले आणि आज ओळखीची असलेली, बंदासह एकाच तुकड्यातून तयार होणारी पिशवी जगभर पसरली. तिचा गुण मान्य करावाच लागतो: जेमतेम पाच ग्रॅमची वस्तू पाच किलो माल उचलते आणि पाण्याने भिजत नाही. तिला पर्याय शोधताना हे दोन्ही गुण विचारात घेतले नाहीत, तर पहिल्याच पावसात योजना कोलमडते.

जाडी मोजण्यासाठी उपकरण नसल्यास साधे गणित वापरावे. दहा पिशव्या एकत्र तोलून एका पिशवीचे सरासरी वजन काढावे. पिशवीच्या बाजूच्या घड्या पूर्ण उलगडून लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजावी, त्यांचा गुणाकार करावा आणि पुढची व मागची अशा दोन बाजूंसाठी तो दुप्पट करावा. वजनाला या क्षेत्रफळाने आणि ०.९५ या घनतेने भागून आलेल्या उत्तराला दहा हजारांनी गुणले की जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मिळते. उदाहरणार्थ, ३० बाय ४० सेंटिमीटरच्या पिशवीचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम भरले, तर तिची जाडी २० मायक्रॉनच्या आसपास आहे. बंदाजवळ कापून काढलेल्या भागामुळे थोडा फरक पडतो, पण अंदाजासाठी तो चालतो. काही विक्रेते जाडी गेजमध्ये सांगतात; २०० गेज म्हणजे साधारण ५१ मायक्रॉन.

पायरी २: सलग सात दिवसांची मोजणी

मोजणीसाठी आठवडी बाजाराचा दिवस येईल असा, पण गणपती, दिवाळी किंवा लग्नसराईची गर्दी टाळणारा आठवडा निवडावा. दुकानदाराला ‘रोज किती पिशव्या जातात?’ असे विचारल्यास तो अंदाजे आणि बहुधा कमी आकडा सांगतो. त्याऐवजी गेल्या तीन महिन्यांत किती किलो पिशव्या विकत घेतल्या हे विचारावे. पिशव्या किलोवर विकल्या जातात, त्यामुळे खरेदीचा हा आकडा त्याला सहसा आठवतो. किलोला एका पिशवीच्या वजनाने भागले की नगांची संख्या मिळते. साडेचार ग्रॅमच्या पिशव्या एका किलोत सुमारे २२० बसतात.

याच्या जोडीला बाजाराच्या तोंडाशी रोज सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास थांबून बाहेर पडणाऱ्या ग्राहकांची नोंद करावी. किती जणांकडे स्वतःची पिशवी होती, किती जणांकडे एकात एक घातलेल्या दोन पिशव्या होत्या आणि स्वतःची पिशवी असूनही आत प्रत्येक भाजीसाठी वेगळी पातळ पिशवी किती जणांनी घेतली होती, हे तीन रकाने पुरेसे आहेत. यांपैकी तिसरा रकाना हमखास दुर्लक्षिला जातो. घरून ऐटीत कापडी पिशवी नेणारा ग्राहक आत मिरचीची, कोथिंबिरीची, लिंबांची आणि टोमॅटोची मिळून चार प्लॅस्टिकच्या पिशव्या घरी आणत असेल, तर त्याच्या कापडी पिशवीने फारसे काही वाचवलेले नसते. ओला माल आणि कोरडा माल यांची नोंदही वेगळी ठेवावी, कारण पुढे दोघांचे उपाय वेगळे आहेत.

पायरी ३: दुकानाचा खर्च काढा

एक नमुना मांडू. एका दुकानातून रोज १५० पिशव्या जातात, पिशवी साडेचार ग्रॅमची आहे, दुकान महिन्यातून २६ दिवस उघडे असते आणि पिशव्यांचा भाव किलोला १६० रुपये आहे, असे समजू. महिन्याला सुमारे साडेसतरा किलो, म्हणजे २,८०० रुपयांच्या पिशव्या लागतात आणि वर्षाचा खर्च साडेतेहतीस हजारांच्या पुढे जातो. भाव आणि वजन आपापल्या बाजारातील घ्यावे. रीत तीच राहते. एका पिशवीला सुमारे ७२ पैसे पडतात म्हणून तो खर्च दुकानदाराला जाणवत नाही, परंतु वर्षाची बेरीज मदतनिसाच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी होऊ शकते. अशी चाळीस दुकाने असलेली पेठ वर्षाला आठ टनांहून अधिक पातळ पॉलिथिन बाहेर पाठवते. हा आकडा व्यापारी मंडळाच्या बैठकीत फळ्यावर लिहावा. पर्यावरणावरील भाषणापेक्षा त्याचा परिणाम लवकर होतो.

पायरी ४: दुकानाबाहेर पडणारा खर्च

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि तिच्यात गफलत करणेही सर्वांत सोपे आहे. महापालिकेचा घनकचऱ्याचा खर्च एकूण टनांनी भागून पिशव्यांच्या वजनाने गुणण्याचा मोह होतो. तसे केल्यास उत्तर नगण्य येते, कारण पिशवीचे वजन कमी असते, तर तिचा त्रास तिच्या पृष्ठभागामुळे आणि न कुजण्यामुळे होतो. जाळीवर पसरलेल्या काही पिशव्या एका पावसाळी गटाराचे तोंड बंद करू शकतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कोणत्याही नाल्याला पेलवला नसता हे खरेच, तरीही तुंबलेल्या गटारांमध्ये प्लॅस्टिकचा वाटा असल्याचे त्या प्रलयानंतर ठळकपणे पुढे आले आणि राज्याने पातळ पिशव्यांविरुद्ध पावले उचलली. बांगलादेशाने १९८८ आणि १९९८ च्या पुरांच्या अनुभवानंतर २००२ मध्ये पातळ पॉलिथिन पिशव्यांवर देशव्यापी बंदी घातली, तेव्हाही तुंबणारे नाले हेच मुख्य कारण होते.

म्हणून टनांऐवजी कामाचे तास मोजावेत. प्रभाग कार्यालयातून आपल्या भागातील पावसाळापूर्व नालेसफाईच्या कंत्राटाची रक्कम मागवावी. ती सहज मिळाली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. गटारांच्या जाळ्या साफ करणाऱ्या कामगारांशी बोलून एका जाळीला किती वेळ लागतो आणि पावसाळ्यात ती किती वेळा उघडावी लागते, हे लिहून घ्यावे. संकुलात ओल्या कचऱ्याचे खत होत असेल, तर गाठ मारलेल्या पिशव्या फोडून कचरा मोकळा करण्यात रोज किती वेळ जातो, हेही नोंदवावे. खतात प्लॅस्टिकचे तुकडे राहिले की शेतकरी ते घेण्यास नाखूश असतो, आणि घेतले तर ते तुकडे त्याच्या मातीत जातात.

कचरावेचकांचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. एक किलो पातळ प्लॅस्टिक जमवण्यासाठी त्यांना २२० मळलेल्या पिशव्या उचलाव्या लागतात. पाण्याच्या मोकळ्या बाटल्या मात्र चाळीस-पन्नास उचलल्या की किलो भरतो आणि बाटलीला भावही बरा मिळतो. त्यामुळे बाटली उचलली जाते आणि पिशवी रस्त्यावर राहते. पातळ पिशवीच्या पुनर्वापराबद्दल कारखान्याच्या पातळीवर कितीही बोलले गेले, तरी ती गोळा करणे कुणालाच परवडत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१९-२० च्या अहवालात देशातील प्लॅस्टिक कचरा वर्षाला सुमारे ३४.७ लाख टन नोंदवला आहे. मात्र नाल्यात अडकलेली, शेकोटीत जळलेली किंवा जनावराच्या पोटात गेलेली पिशवी अशा मोजमापात कशी येणार, हा प्रश्न उरतोच.

जनावरांचे नुकसान गोठेवाल्यांना विचारूनच कळते. शिळ्या अन्नाच्या वासाने गाय पिशवीसकट अन्न गिळते. ती पिशवी कोठीपोटातून, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातून पुढे सरकत नाही, तेथे इतर पिशव्या, दोऱ्या आणि चिंध्या यांच्याशी गुंतून गोळा बनते, जनावराची भूक मंदावते आणि दूध घटते. अखेर पशुवैद्याला कोठीपोट उघडून गोळा काढावा लागतो. शस्त्रक्रियेचा खर्च आणि बुडालेले दूध असे दोन्ही आकडे वहीत घ्यावेत. किनाऱ्यावरच्या गावांनी यात मच्छीमारांचा वेळही धरावा, कारण डोल जाळ्यात मासळीबरोबर प्लॅस्टिक येते आणि ते वेगळे करण्यात श्रम जातात.

पायरी ५: कायदा नेमका काय सांगतो

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घालणारी अधिसूचना काढली आणि तिची अंमलबजावणी त्याच वर्षी २३ जूनपासून सुरू झाली. केंद्राच्या नियमांत पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन करण्यात आली. त्यावरून ‘१२० मायक्रॉनची चालते’ असे विक्रेते बिनदिक्कत सांगतात, पण राज्याच्या अधिसूचनेने कॅरीबॅगवरील बंदी जाडीवर अवलंबून ठेवलेली नाही. दंड पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद असा आहे. वरील नमुन्यातील दुकानाच्या बाबतीत पहिलाच दंड पावणेदोन महिन्यांच्या पिशव्यांच्या खर्चाइतका होतो. दुधाच्या पिशव्या, औषधांची वेष्टने आणि रोपवाटिकेसारखे काही उपयोग यांना वेगळ्या अटी आहेत, शिवाय नंतरच्या दुरुस्त्यांनी काही सवलती दिल्या आहेत. त्यामुळे साठा खरेदी करण्यापूर्वी स्थानिक स्वराज्य संस्थेकडून चालू आदेशाची प्रत घ्यावी.

पायरी ६: पर्याय निवडताना वापरांची संख्या मोजा

येथे कापडी पिशवीचे कैवारी नाराज होण्याची शक्यता आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीच्या तुलनेत तापमानवाढीचा भार कमी ठरण्यासाठी कागदी पिशवी किमान तीन वेळा, नॉनवोव्हन अकरा वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. पातळ पिशवी नंतर घरात कचऱ्यासाठी वापरली जात असेल, तर सुती पिशवीला आणखी अधिक फेऱ्या कराव्या लागतात. कापूस पिकवणे, सूत काढणे, विणणे, रंगवणे या प्रत्येक टप्प्यावर पाणी आणि ऊर्जा लागते, हे त्याचे कारण. या अभ्यासाच्या मोजपट्टीत तुंबलेले गटार किंवा गाईचे कोठीपोट येत नाही, त्यामुळे त्यावरून प्लॅस्टिक निर्दोष ठरत नाही. मात्र समारंभात पाहुण्यांना नवीन कापडी पिशव्या वाटणे आणि त्या कपाटात साठणे हा पर्यावरणाच्या नावाखाली झालेला अपव्ययच आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

यातून तीन व्यावहारिक नियम निघतात. पहिला नियम असा की नवे कापड घेण्याआधी जुन्या साड्या, चादरी, पडदे आणि पॅन्टचे कापड वापरावे, कारण त्यासाठी नव्याने कापूस लागत नाही. दुसरा असा की पिशवी टिकाऊ शिवून घ्यावी: बंद वरच्या काठाला नुसता टाचलेला नसावा, तर पिशवीच्या तळाखालून फिरवून घेतलेला असावा, तळाला दुहेरी कापड असावे आणि घडी घातल्यावर ती दुचाकीच्या डिकीत मावावी. पिशवी बहुधा बंदाशीच फाटते आणि तिथेच तिचे १३१ वापर संपतात. शिलाईचे काम परिसरातील महिला बचत गटाला द्यावे, पण आधी नमुन्याच्या पिशवीत आठ किलो तांदूळ भरून ती रात्रभर खुंटीला टांगून पाहावी. तिसरा नियम कागदासंबंधी आहे. कोरड्या, न खाण्याच्या वस्तूंसाठी वर्तमानपत्राची पिशवी चालते. वडे, भजी किंवा पोहे त्यात बांधू नयेत, कारण छपाईची शाई अन्नात उतरते आणि अन्न सुरक्षा नियमांनाही ते मान्य नाही.

‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या पिशवीवर आयएस १७०८८ हे मानक आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे की नाही, ते पाहावे. प्रमाणित पिशवीही औद्योगिक खतप्रकल्पातील उष्णतेत नीट विघटित होते. नाल्यात पडल्यास ती लगेच विरघळून जाईल, असे समजू नये.

पायरी ७: ओल्या मालाची सोय

मासळी, मटण, दही, इडलीचे पीठ आणि भिजवलेली कडधान्ये हीच बंदीची खरी कसोटी आहे, आणि बहुतेक मोहिमा याच ठिकाणी थकतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा हा सर्वांत चांगला उपाय आहे, पण ग्राहकाला दोन शंका असतात: वजनात फसवणूक होईल का, आणि डबा सांडेल का. पहिल्या शंकेवर आपल्या बाजाराकडे जुनी रीत आहे. रिकाम्या डब्याचा आधी धडा करून, म्हणजे डब्याएवढे वजन दुसऱ्या पारड्यात टाकून मगच माल तोलावा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर तर रिकामा डबा ठेवून एक बटण दाबले की आकडा शून्यावर येतो. ‘येथे डब्याचा धडा करून दिला जातो’ अशी पाटी मासळीबाजारात आणि मटणाच्या दुकानात ठळकपणे लावावी. दुसऱ्या शंकेसाठी डबा उभा राहील अशी सपाट तळाची पिशवी शिवून घ्यावी. फुले, नागवेलीची पाने आणि कोथिंबीर यांसाठी केळीचे किंवा पळसाचे पान आणि सुतळी अजूनही उत्तम काम देते. भाजीवाल्याला मात्र एवढेच सांगावे की सर्व भाज्या एकाच पिशवीत ओताव्यात. टोमॅटो शेवटी, वर.

पायरी ८: पिशवीला किंमत लावा आणि उसनी पिशवी सुरू करा

आयर्लंडने मार्च २००२ मध्ये प्लॅस्टिकच्या प्रत्येक पिशवीवर १५ सेंटचा कर लावला आणि तो ग्राहकाकडून थेट गल्ल्यावर घेतला. माणशी वर्षाला सुमारे ३२८ असलेला वापर २१ वर आला. रक्कम मोठी नव्हती; ती वेगळी आणि डोळ्यांसमोर मागितली जात होती, हे महत्त्वाचे. आपल्याकडे पर्यायी पिशवीसाठी पैसे घेताना एक काळजी घ्यावी लागते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये बिग बझारच्या प्रकरणात, खरेदीपूर्वी ग्राहकाला स्पष्ट कल्पना न देता बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे आकारणे ही अनुचित व्यापारपद्धती ठरवली. म्हणून पिशवीची किंमत आणि आकार दाराशीच लिहावा, आणि स्वतःची पिशवी आणणाऱ्यास आत प्रवेश नाकारू नये.

विकण्यापेक्षा उसनी देण्याची व्यवस्था अधिक परिणामकारक ठरते. ३० रुपये अनामत घेऊन पिशवी द्यावी आणि पेठेतील कोणत्याही दुकानात ती परत केली की पैसे परत मिळावेत. किती पिशव्या लागतील हे आधी मोजावे: रोज १०० ग्राहक पिशवी उसनी नेणार असतील आणि ती सरासरी सात दिवसांनी परत येणार असेल, तर ७०० पिशव्या सतत बाहेर असतात, धुलाई आणि दुरुस्ती धरून ९०० शिवाव्यात. सर्व पिशव्या एकाच रंगाच्या काठाच्या असाव्यात, म्हणजे त्या कोणत्याही दुकानदाराला ओळखता येतील. धुलाई कोण करणार, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. तमिळनाडूत डिसेंबर २०२१ पासून पिवळ्या कापडी पिशवीची मोहीम चालू आहे आणि चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात दहा रुपये टाकून अशी पिशवी देणारे यंत्र बसवले गेले. मोठ्या बाजार समितीला तो मार्ग परवडू शकेल, छोट्या पेठेला यंत्राची गरज नाही.

पायरी ९: घरातले प्लॅस्टिक आणि कचऱ्याचा डबा

घरी साठलेल्या पिशव्या जाळू नयेत. त्या कोरड्या, स्वच्छ आणि एकत्र करून कचरावेचकाला द्याव्यात, म्हणजे त्याला निदान वजनाचा भाव मिळतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये; छोटासा तुकडा तसाच जोडलेला ठेवावा, कारण सुटा कोपरा कुणीच वेचत नाही. पिशवी विसळून उलटी टांगावी.

‘कॅरीबॅग बंद झाली तर कचरा कशात भरायचा?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. कॅलिफोर्नियातील बंदीनंतर झालेल्या संशोधनात असे आढळले, की पिशव्या बंद झाल्याने वाचलेल्या प्लॅस्टिकपैकी जवळपास तीस टक्के प्लॅस्टिक कचऱ्याच्या जाड पिशव्यांच्या वाढलेल्या खरेदीतून परत आले. उपाय सोपा आहे, फक्त सवय लागते: ओल्या कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद घालावा, डबा रोज रिकामा करून धुवावा आणि कोरडा कचरा पिशवीशिवाय सुटाच द्यावा.

पायरी १०: पुन्हा मोजणी

तीन महिन्यांनी तीच माणसे, तीच ठिकाणे, तेच तास आणि तेच तीन रकाने ठेवून मोजणी पुन्हा करावी. एक मोजणी पावसाळ्यात अवश्य घ्यावी, कारण ओल्या दिवसांत ग्राहक आणि दुकानदार दोघेही जुन्या सवयीकडे वळतात. वजनी खरेदी घटली पण बाजाराच्या तोंडाशी दिसणाऱ्या पिशव्या घटल्या नाहीत, तर पिशव्या बाहेरच्या फेरीवाल्याकडून येत आहेत असे समजावे आणि त्याला उसन्या पिशव्यांच्या व्यवस्थेत सामील करून घ्यावे. त्याच्यावर तक्रार करण्याने तो फक्त जागा बदलतो. पातळ पिशव्या कमी झाल्या पण नॉनवोव्हन पिशव्या वाढल्या, तर त्यांपैकी किती परत वापरात येतात ते मोजावे, आणि अकरा वापरांच्या आत त्या फाटत असतील तर त्यांची खरेदी थांबवावी. दोन्ही मोजण्यांची वही व्यापारी मंडळाच्या दप्तरात ठेवावी आणि तिची एक प्रत प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला नालेसफाईच्या निविदा निघण्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास द्यावी.